एअरफोर्समधून निवृत्त झालेल्या इंजिनिअरला कोल्हापुरात हमखास विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्यावर सकाळी फिरताना, लग्नाच्या पंगतीत, शाळेतल्या भाषणानंतर, सगळीकडे मला फिरून फिरून तेच विचारलं जातं. पुतणी म्हणाली, काका, एकदा लिहूनच टाका, म्हणजे पुढच्या माणसाला नुसती लिंक पाठवता येईल. म्हणून हे पान. प्रश्न लोकांच्या तोंडून आले तसेच ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

साहेब, तुम्ही विमान चालवत होता न्हवं?

नाही. ते आज उडायच्या लायकीचं आहे का, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. हवाई दलात अधिकाऱ्यांच्या पूर्वापार तीन शाखा: फ्लाइंग, ग्राउंड ड्यूटी टेक्निकल आणि ग्राउंड ड्यूटी नॉन-टेक्निकल. २०२२ मध्ये वेपन सिस्टिम्स ही आणखी एक शाखा मंजूर झाली. मी टेक्निकलमधला, म्हणजे एरोनॉटिकल इंजिनिअर. त्यातही दोन बाजू असतात, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स. माझी मेकॅनिकल.

आपल्या जिल्ह्याला फौज नवी नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या तर नावातच फौज आहे. पण आपल्याकडे फौज म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्री आणि एअरफोर्स म्हटलं की पायलट, एवढीच दोन चित्रं लोकांपुढे असतात. उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरच्या पोराला कुणी सांगतच नाही की बाबा, तुझ्या हातातलं कसब तिथं रोज लागतं. मी स्वतः टर्नरचाच मुलगा आहे, म्हणून हे जास्त टोचतं.

मग दिवसभर नेमकं काय करत होता?

थोडक्यात सांगायचं तर सह्या. हसू नका.

प्रत्येक लढाऊ विमानाचं एक दप्तर असतं, फॉर्म ७००. कुठल्या विमानात काय बिघडलं, कुणी काय उघडलं, काय बदललं, किती इंधन भरलं, टायरमध्ये हवा किती, सगळं त्यात. काम करणारा एअरमन आपल्या कामाखाली सही करतो. त्याच्यावरचा सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर ते डोळ्यांनी तपासून सही करतो. मग इंजिनिअरिंग अधिकारी विमान मोकळं करतो. शेवटी पायलट दप्तर वाचून सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. कुणी कुणाच्या वतीनं सही करत नाही. ‘मी बघतो, तू टाक सही’ हा आपल्याकडचा प्रेमळ कारभार तिथं चालत नाही.

एक प्रसंग सांगतो. संध्याकाळी हत्यारांची मोजणी चालू होती. प्रत्येक पेटीत हत्याराच्या आकाराची खाच कोरलेली असते. खाच रिकामी दिसली की हत्यार बाहेर आहे, इतकं सोपं. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हरचं एक बोटाच्या पेरापेक्षा लहान टोक सापडेना. त्या पेटीतल्या हत्यारांनी दिवसभरात ज्या ज्या विमानांवर काम झालं होतं, ती सगळी जागच्या जागी रोखली. दुसऱ्या दिवशी पहाटेचं उड्डाण ठरलेलं, वरून फोनावर फोन. पॅनेल उघडली, इंजिनाच्या हवेच्या वाटेत टॉर्च घेऊन माणसं आत सरपटली, ब्लास्ट पेनची, म्हणजे विमान उभं करायच्या भक्कम निवाऱ्याची, फरशी झाडून काढली. मध्यरात्र उलटल्यावर ते टोक एका पोराच्या बुटाच्या तळव्यात, रबराच्या नक्षीत रुतलेलं सापडलं. त्याला कुणी रागावलं नाही, कारण हत्यार कमी आहे हे त्यानंच येऊन सांगितलं होतं. गप्प बसला असता आणि ते टोक इंजिनात गेलं असतं, तर कॉम्प्रेसरच्या पात्यांचा चुरा झाला असता. पायलटचं काय झालं असतं ते वेगळंच.

तरुण अधिकाऱ्याला मशीन समजायला दोन-तीन वर्षं लागतात. कर्तव्यापोटी ‘नाही’ म्हणायला शिकायला जास्त. कमांडिंग ऑफिसर समोर उभा आहे, त्याला उड्डाणांचा आकडा पूर्ण करायचाय, आणि तुम्ही म्हणताय की हे विमान आज जाणार नाही. या नोकरीचा सगळा कस तिथं लागतो.

कोल्हापूरचा पोरगा त्या काळी तिथं पोचला कसा?

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल केलं. मुलाखत मैसूरच्या सिलेक्शन बोर्डात झाली. मग बेंगळुरूच्या जलाहळ्ळीला एअरफोर्स टेक्निकल कॉलेज. तिथं इंजिनिअरिंग पुन्हा एकदा शिकवतात, या वेळी खरोखरचं इंजिन समोर उघडून ठेवून. माझं इंग्रजी तेव्हा लंगडं होतं. वडिलांच्या लेथवर सुट्टीत काम केलेलं असल्यामुळे मायक्रोमीटर मात्र हातात सहज बसायचा, आणि वर्गातल्या कॉन्व्हेंटच्या मुलांना तो धरायचा कसा हे मला विचारावं लागायचं. तिथून पुढे इंग्रजीचं फारसं वाटेनासं झालं.

कुठं कुठं होता?

पुण्याला लोहगावात मिग-२९ वर. ही विमानं १९८७ मध्ये हवाई दलात आली आणि त्यांचं पहिलं घर लोहगावच. नंतर नाशिकजवळ ओझरला ११ बेस रिपेअर डेपोत. विमान ठरावीक तास उडालं किंवा ठरावीक वर्षं झाली की ते इथं येतं, स्क्रू न् स्क्रू सुटा होतो आणि पुन्हा जोडला जातो. मधे ईशान्येकडे. शेवटी नागपूरला मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात, म्हणजे फायलींत. ओझरइतकं मन दुसरीकडे कुठं रमलं नाही.

इंजिन चालू असताना आतलं बिघडलंय हे कळतं कसं?

हा प्रश्न गोकुळ शिरगावच्या एका मेकॅनिकनं विचारला. मला आजवर विचारलेल्यांपैकी सगळ्यात चांगला.

रक्त तपासतात तसं तेल तपासतात. ठरावीक तासांनी इंजिनातल्या तेलाचा छोटा नमुना काढायचा आणि स्पेक्ट्रोमीटरवर त्यात लोखंड, तांबं, क्रोमियम किती आहे ते बघायचं. आकडे दहा लाखांत किती भाग असे असतात. एका नमुन्यावरून फारसं कळत नाही. आलेख बघायचा. लोखंड हळूहळू चढत असेल तर कुठलंतरी बेअरिंग झिजतंय, तांबं चढत असेल तर बुश किंवा बेअरिंगचा पिंजरा. याशिवाय तेलाच्या वाटेत चुंबकाचे प्लग असतात. ते काढून त्यावर चिकटलेला कीस भिंगाखाली बघतात. पिठासारखी बारीक भुकटी ही रोजची झीज, पण चकचकीत पापुद्रे दिसले की इंजिन उतरवायचं. इंजिनाच्या आत नळीसारखा बोअरस्कोप घालून पात्यांची धार बघतात. पायलट शपथेवर सांगत असतो की इंजिन मख्खन चालतंय, आणि त्याच वेळी तेल वेगळंच सांगत असतं. मी नेहमी तेलाचं ऐकलं.

मिग-२१ म्हणजे उडती शवपेटीच होती की नाही?

हा शब्द माझ्यासमोर वापरू नका, एवढीच विनंती. पण प्रश्न टाळत नाही.

मिग-२१ आपल्याकडे १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला. साठ वर्षांहून जास्त. अपघात खूप झाले, त्यात तरणीताठी मुलं गेली. ते झाकण्याचं कारण नाही. पण सगळा दोष विमानावर ढकलला की खरी कारणं सुटतात.

एक तर ते एकाच इंजिनाचं. इंजिन बंद पडलं की पर्याय दोनच: पुन्हा चालू करणं किंवा बाहेर पडणं. पंख लहान आणि त्रिकोणी, त्यामुळे उतरताना वेग प्रचंड. चाकं टेकतात तेव्हाही ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चुकीला जागाच नाही. दुसरं कारण मला जास्त गंभीर वाटतं. पोरं किरणसारख्या संथ जेटवर शिकून एकदम असल्या जहाल विमानावर यायची. मधली पायरीच नव्हती. त्यासाठी प्रगत जेट ट्रेनर घ्या, असं ला फाँटेन समितीनं १९८२ मध्ये सांगितलं. तसं ट्रेनर, म्हणजे हॉक विमान, हवाई दलात दाखल झालं २००८ मध्ये. मधल्या काळात किती फायली फिरल्या असतील याची कल्पना सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला देण्याची गरज नाही. तिसरं, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि सुट्या भागांची साखळीच विस्कटली. जो कारखाना काल एका देशात होता तो आज दुसऱ्याच देशात. आणि पक्षी! धावपट्ट्यांच्या कडेला वाढलेल्या वस्त्या, उघड्यावर टाकलेला कचरा, मटणाची दुकानं, त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. एक घार एका इंजिनाला पुरते.

याच विमानांनी १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेट टाकली आणि तिथलं सरकार त्याच दिवशी गडगडलं. ती विमानं सहा दशकं उडती ठेवणाऱ्या एअरमनांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. शवपेटी म्हणताना त्यांनाही आपण काहीतरी म्हणतोय, हे लक्षात असू द्या.

कारगिलला होता का? बालाकोट? ऑपरेशन सिंदूर?

कारगिलच्या वेळी नोकरीत होतो. हवाई दलाची मोहीम, ऑपरेशन सफेद सागर, २६ मे १९९९ ला सुरू झाली. मिग-२९ नी वरून संरक्षण दिलं, मिराज-२००० नी लेझरवर चालणारे बॉम्ब टाकले, हे सगळं जाहीर आहे. आम्हा जमिनीवरच्यांच्या आठवणी म्हणजे अपुरी झोप आणि उतरलेलं विमान शक्य तितक्या लवकर पुन्हा सज्ज करणं. बाकीच्या दोन्ही वेळी काय झालं ते तुमच्याइतकंच मी टीव्हीवर पाहिलं. आणि आतलं काही ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. निवृत्तीनंतरही गोपनीयतेचा कायदा सुटत नाही. माझ्याच बॅचचे काही जण चॅनेलवर बसून नकाशे रंगवतात, त्यांचं त्यांनी बघावं.

आजोबा, तुम्ही अंतराळात गेलात का?

(इयत्ता चौथी, ताराबाई पार्क.) नाही बाळा. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले, आणि २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. दोघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट. मी फार तर त्यांच्या विमानाचं तेल तपासलं असतं.

पायलट लोक तुमच्यावर रुबाब करतात म्हणे?

करतात थोडा, आणि तो चालतो. जीव त्यांचा टांगणीला असतो. बढतीचं गणित मात्र उघड आहे. हवाई दलाचा प्रमुख आजवर फ्लाइंगमधूनच आला. हृषीकेश मुळगावकर, प्रदीप नाईक, विवेक राम चौधरी ही आपली मराठी नावंही त्याच शाखेतली. चौधरी साहेबांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं. टेक्निकलचा माणूस एअर मार्शलपर्यंत पोचू शकतो, पण वाट चिंचोळी आहे. विंग कमांडरपर्यंत बहुतेक जण सेवेच्या वर्षांवर जातात. ग्रुप कॅप्टनपासून निवड सुरू होते आणि चांगली चांगली माणसं मागं राहतात. हे आधी माहीत असलेलं बरं.

आमच्या पोराला/पोरीला जायचंय. काय करू?

आधी तिला किंवा त्याला खरंच जायचंय का, ते विचारा. निम्म्या वेळा जायचं असतं वडिलांना.

वाटा अशा आहेत. बारावी सायन्सनंतर एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, त्यामुळे ‘मुलींना कुठं घेतात’ हे आता म्हणू नका. पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा, वर्षातून दोनदा. टेक्निकलसाठी इंजिनिअरिंगला ६० टक्के, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के, वय २० ते २६. जाहिरात स्वतः वाचा, अटी बदलत राहतात. अधिकारी व्हायचं नसेल किंवा शिक्षण तेवढं नसेल तर अग्निवीरवायू. चार वर्षं, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम. त्यांचं प्रशिक्षण आपल्या शेजारी बेळगावला, सांबऱ्यात होतं. चार वर्षांनी उरलेल्या पंच्याहत्तरात आपलं पोरगं असू शकतं, हे धरूनच निर्णय घ्या. बरोबर डिप्लोमा असेल तर बाहेर आल्यावर हात रिकामे राहत नाहीत.

लहान मुलांसाठी साताऱ्याची सैनिक स्कूल आहे. १९६१ ची, देशातल्या पहिल्यांपैकी. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, एनडीएची तयारी करून घेणारी, ती राज्य सरकारची. ‘एसएसबीची गॅरंटी’ अशा पाट्या लावणाऱ्या क्लासांत लाखभर रुपये घालण्याआधी या दोन ठिकाणी चौकशी करा.

एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढची मुलाखत, पाच दिवसांची असते. आपली मुलं तिथं इंग्रजीला घाबरतात आणि पाठ केलेली उत्तरं देतात. गल्लीतल्या गणेश मंडळाचा हिशेब तुम्ही ठेवलाय, पुरात माणसं काढलीत, शेतावरचा पंप दुरुस्त केलाय, ते सांगा की! बोर्डासमोर बसल्यावर नेमकं तेच आठवत नाही.

पगार किती? पेन्शन?

सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि बाकी भत्ते. हे सातव्या वेतन आयोगाचे आकडे. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या नोकरीवाल्यांना, पेन्शन नसते, हे स्थळ बघणाऱ्या काकूंनी विशेष लक्षात घ्यावं. टेक्निकलला ही नोकरी १० वर्षांसाठी असते, १४ पर्यंत वाढू शकते.

घरच्यांचे हाल होतात का?

होतात. दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलतं. मुलांची केंद्रीय विद्यालयं बदलतात, मैत्री तुटते. बायकोनं दोनदा नोकरी धरली आणि दोनदा सोडली. माझ्या गणवेशावरच्या फितीत तिचा वाटा आहे असं मी एकदा भाषणात म्हणालो, तर ती म्हणाली, वाटा नको, ती नोकरीच परत द्या.

आमच्या फाउंड्रीत विमानाचे पार्ट होतील का?

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून हा प्रश्न दर महिन्याला येतो, म्हणून नीट उत्तर देतो.

आपल्याकडचं ओतकाम बहुतांशी बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं: ट्रॅक्टर, मोटारी, पंप, व्हॉल्व्ह. विमानात बीड जवळजवळ नसतंच. तिथं ॲल्युमिनियम, टायटॅनियम, निकेलचे मिश्रधातू, आणि टर्बाइनची पाती मेणाच्या साच्यावरून निर्वातात ओतलेली. त्यामुळे आहे त्या भट्टीतून उद्या विमान निघणार नाही. पण धातूपेक्षा मोठी अडचण सवयीची आहे. कास्टिंगवर ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, दिसला की लांबी भरायची, घासायची, रंग मारायचा आणि ट्रकात घालायचा, हे आपल्याकडे होत नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारा मालक मला अजून भेटायचाय. विमानाच्या कामात तो एक तुकडा म्हणजे धंदा कायमचा बंद.

तिथं प्रत्येक नगाचा माग लागतो. कुठली हीट (वितळवलेला घाणा), कुठला चार्ज (भट्टीत घातलेला माल), त्यात काय काय होतं, त्या पाळीला भट्टीवर कोण होतं, कुणी एक्स-रे काढला, कुणी पास केला. वीस वर्षांनी तो भाग तुटला तरी कागद निघाला पाहिजे. हीट नंबर आपणही टाकतो, पण गिऱ्हाईक मागतो म्हणून. तो स्वतःसाठी ठेवायला लागा. मग एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राकडे बघा. सुरुवात जमिनीवरच्या सामानापासून करा: विमान ओढायचे टो-बार, चाकाला लावायचे अडसर, इंजिन उतरवायच्या ट्रॉल्या, जिग, फिक्स्चर. यात उद्यमनगरचा हात कुणी धरू शकत नाही. नाशिकला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या तेजस लढाऊ विमानाच्या नव्या लाइनवरून पहिलं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर. पुरवठादार लागणारच आहेत. माझ्याकडे ओळख मागायला येऊ नका, गेल्या सहा महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर घेऊन या, त्यावर बोलू.

उजळाईवाडीला फायटर उतरेल का?

आपला विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला, याचा अभिमान मलाही आहे. पण फायटरला नुसती धावपट्टी पुरत नाही. ब्रेकचं पॅराशूट पुन्हा घडी घालून बसवणारी माणसं, ऑक्सिजन, नायट्रोजन, ग्राउंड पॉवर, पट्टी संपत आली तर विमान अडवणारी जाळी, सगळा संसार लागतो. अडचणीत कुठंही उतरेल. पुन्हा उडवायला मात्र दोन ट्रक सामान बोलवावं लागेल.

सासरे एअरफोर्सात होते, गेल्या महिन्यात वारले. सासूबाईंच्या पेन्शनसाठी कुणाला भेटू?

हा प्रश्न फोनवर सगळ्यात जास्त येतो, बहुतेक वेळा सुनेकडून. मृत्यूचा दाखला मिळाला की आधी बँकेला कळवा, आणि पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर आली असेल तर तिथंही नोंद करा. उशीर झाला आणि सासऱ्यांच्या खात्यात पेन्शन येत राहिली तर ती नंतर वसूल होते आणि बाईमाणसाला नसता ताप होतो. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, सासूबाईंचं आधार, पॅन आणि बँक पासबुक एकत्र ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते आधी बघा. आपल्याकडे सर्व्हिस रेकॉर्डवर ‘शांताबाई’ आणि आधारवर ‘शांता’ हा घोळ दहातल्या पाच घरांत निघतो, आणि अर्ज तिथंच अडकतो. फरक असेल तर कुठला कागद दुरुस्त करायचा आणि त्याला काय पुरावा लागतो, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. तिथं मदत फुकट मिळते, एजंटाला पैसे देऊ नका. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, सासूबाईंना पुढेही लागू राहते, त्यांचं स्वतःचं कार्ड परत करून टाकू नका. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. आता तो मोबाइलवरूनही देता येतो, नातवाला सांगा.